मेहरबानी नाकारलेली हातगाडी

मित्रांनो, मी एक जुनी हातगाडी आहे. पण जुनी म्हणजे मोडकी नव्हे हं! नागापूरच्या एका वर्कशॉपमध्ये नबीलालनं मला स्वतःच्या हातांनी वेल्डिंग करून घडवलं. तिथल्याच एका कारखान्याच्या फाटकासमोर त्याची बायको जरीना माझ्यावर पोहे आणि चहा विकू लागली. पाळी सुटली की कामगारांची झुंबड उडायची. "भाभी, तुमच्या चहानं अंगात जीव येतो बघा," असं सूर्यभान फिटर रोज म्हणायचा आणि मी उगाच फुगायचे.

एके सकाळी राज्य सरकारच्या एका खात्याचं अतिक्रमण हटवणारं पथक आलं. ना नोटीस, ना विचारपूस! चहा सांडून मला ट्रकमध्ये टाकलं. सरकारी आवारात मी उन्हापावसात गंजत पडले. फार रडू यायचं मला.

अशा वेळी आपल्याकडची रीत ठरलेली. साहेबापुढं जायचं आणि हात जोडायचे. नबीलालनं तेच केलं. साहेब विरघळले. म्हणाले, "चूक झाली म्हणा, पुन्हा तिथं उभं राहणार नाही म्हणा, अन् न्या गाडी."

नबीलाल मान डोलावणार, तोच जरीना पुढं झाली. "आमची चूक काय हाय, साहेब? पोट भरलं ही? मेहरबानी नको आमाला."

"अगं, खुळी का काय तू? घरात चूल कशी पेटायची?" नबीलाल कळवळला.

जरीना चार घरची धुणीभांडी करू लागली, पण मागं हटली नाही. वकील विजयमालाताईंनी उच्च न्यायालयात दाद मागितली. त्या जरीनाला म्हणाल्या, "संविधान लिहिणाऱ्यांनी परक्यांची मनमानी सोसली होती. आपलं सरकारही कधी तसं वागेल, हे ते ओळखून होते. म्हणून मूलभूत हक्कांनी त्यांनी दिल्लीच्या सरकारचे हात बांधले, राज्य सरकारचे बांधले, अन् गावच्या पंचायतीचेसुद्धा."

न्यायालयानं त्या खात्याला बजावलं, की गाडी परत करा आणि जागेचा निर्णय जरीनाचं म्हणणं ऐकूनच घ्या. त्याच पथकानं मला फाटकासमोर आणून सोडलं. काय रुबाब होता माझा त्या दिवशी!

परवा पथक पुन्हा आलं. केळीवाल्या ओंकारच्या गाडीला त्यांनी हात घातला. बिचाऱ्यानं लगेच हात जोडले.

"हात खाली घे, लेका," सूर्यभान ओरडला. मग तो पथकाकडं वळला. "नोटीस दिली का, साहेब? याचं म्हणणं ऐकलं का?"

बघता बघता सगळी पाळी त्याच्यामागं उभी राहिली. ट्रक रिकामाच परत गेला.

मित्रांनो, मला तेलपाणी लागतं, तशी हक्कांनाही निगा लागते. कुणाची गाडी अशी उचलली जाताना दिसली, तर नुसते बघत राहू नका. जवळ जा आणि विचारा.