अ‍ॅडजस्ट करावे

विषय : मला माझ्या मूळ कामावर परत पाठवण्याबाबत.
संदर्भ : शाखाप्रमुखांचा शेरा, शब्द दोन, अर्जांच्या समासात वारंवार.

उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन करतो, की मी 'अ‍ॅडजस्ट' हे इंग्रजी क्रियापद बोलतोय. सध्या मुक्काम एका खुर्चीच्या पायाखाली. मला त्याची लाज नाही. ज्यांना वाटायला हवी, त्यांच्याबद्दलच सांगायचं आहे.

घराणं लॅटिन. 'जवळ' या अर्थाचा शब्द आमचा मूळपुरुष. वस्तू एकमेकींजवळ आणणं हा पिढीजात धंदा. पुढे फ्रेंचांच्या घरी वाढलो. तिथे 'न्याय्य' अशा अर्थाच्या शब्दाशी माझा तोंडवळा जुळतो म्हणून लोकांनी आमचं नातं लावलं. रक्ताचं नव्हे, मानलेलं. पण मी ते मनावर घेतलं. इंग्रजीत उतरलो तो चुकलेलं दुरुस्त करायचं काम घेऊन. घड्याळाचा काटा असो की चष्म्याची दांडी, माझा हात फिरला की माणसाची सोय व्हायची. कालांतराने परिस्थितीशी जुळवून घेणं हाही अर्थ अंगाला चिकटला. तरी ते माणूस आपणहून करी. या शाखेत आल्यावर कळलं, की ते नेहमी समोरच्याने करायचं असतं.

शाखाप्रमुखांकडे कोणताही अर्ज आला की ते न वाचता समासात लिहीत, 'अ‍ॅडजस्ट करावे', आणि खाली सही. दिव्याखाली टेबल मागणाऱ्यालाही मीच आणि आजारी आईसाठी बदली मागणाऱ्यालाही मीच. अर्जदार ज्या नजरेने माझ्याकडे बघत, ती मी विसरलेलो नाही. एकेक नजर जपून ठेवली आहे.

टंकलेखिका बाईंच्या खुर्चीचा एक पाय आखूड होता. दिवसभर डुगडुगत टंकन करून त्यांच्या पाठीचं पार वाटोळं झालं. खुर्ची बदलून मिळावी म्हणून त्यांनी तीन अर्ज केले. तिन्हींवर मी. चौथ्यांदा त्या समोरच जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, आता उठता-बसता येत नाही हो."

"बाई, तुमच्या वयाला माझी आई विहिरीचं पाणी ओढायची! मामा, निकाली गठ्ठ्यातलं काहीतरी घ्या आणि पायाखाली सारा."

शिपाईमामांनी वरचाच कागद उचलला, आठ घड्या घातल्या आणि सारला.

आता त्या कागदाचं ऐका. साहेब राहत चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गुडघे गेलेले. वसाहतीत तळमजल्याचं घर मिळावं म्हणून वरिष्ठांना केलेला तो त्यांचाच अर्ज होता. अर्ज शाखाप्रमुखांमार्फत जायचा, म्हणून तो त्यांच्याच टेबलावर आला. आणि सकाळचा गठ्ठा उरकताना त्यांनी त्यावरही, न वाचता, माझी स्थापना केली. खाली झोकदार सही, आणि कागद वर जाण्याऐवजी निकाली गठ्ठ्यात.

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, तो क्षण असा आयता चालून आला. मला बोटही उचलावं लागलं नाही.

आठवडाभराने बाईंची पेन्सिल पडली. वाकून उचलताना त्यांना घडीच्या कडेला साहेबांचं अक्षर दिसलं. त्यांनी कागद ओढून वाचला. पुन्हा वाचला. मग तितक्याच घड्या घालून जागच्या जागी सारला आणि ताठ बसल्या. खुर्ची हलली नाही.

वसाहतीतलं तळमजल्याचं घर रिकामं झालं. मूळ अर्ज हजर केला तर त्याच्या तारखेप्रमाणे नंबर, नाहीतर रांगेच्या शेपटाला. साहेबांनी कपाटं उपसली, मामांना फैलावर घेतलं. शेवटी जिन्याने दुखावलेले गुडघे चोळत बाईंच्या टेबलाशी आले.

"बाई, जरा उठता का? तुमच्या टेबलाखाली पडलाय का बघतो."

"उठले असते हो साहेब," बाई म्हणाल्या, "पण आत्ता कुठे खुर्ची स्थिर झालीय. तेवढं अ‍ॅडजस्ट करा."

मामांना खोकल्याची उबळ आली. घर दुसऱ्याला गेलं. साहेब आजही जिना चढतात, दर मजल्यावर थांबून.

माझी विनंती एवढीच, की मला पुन्हा घड्याळजीकडे नाहीतर चष्मेवाल्याकडे पाठवावं. मात्र खुर्ची बदलल्याशिवाय मला इथून काढू नये. बाईंचा खुर्चीचा अर्ज शाखेत प्रलंबित आहे. साहेबांचा घराचा अर्ज पायाखाली प्रलंबित आहे. माझा हा अर्ज शाखाप्रमुखांमार्फत सादर केला असून तोही प्रलंबित आहे.