तांबटानं कापलेलं झाकण

एकोणीसशे बाराच्या उन्हाळ्यात सरदार प्रतापरावांची मोटार तिसऱ्यांदा बैलांनी ओढत धारच्या बाजारातून घरी आणली. पुढून वाफा, आत फेटा बांधून ताठ बसलेले सरदार. लोक मुजरे करत आणि गाडी पुढे गेली की पोट धरून हसत. न हसून करतील काय?

मुंबईच्या गोऱ्या दुकानदाराला पत्र गेलं होतं. त्याचं उत्तर आलं, गाडीत दोष नाही, तुमच्या मुलखात ऊन फार. गाडी विकताना हे ऊन त्याला दिसलं नव्हतं.

मग कारभारी मोरोपंतांना गणोजी तांबट आठवला. त्याच्या आज्याला सरदारांनी तबेल्याच्या भिंतीलगत दुकानाची जागा दिली होती. तेव्हापासून सरदारांकडं काहीही फुटलं, गळलं की गणोजीच्या घराण्यानं धावायचं.

"चार दिवसांनी देवासला ताईसाहेबांचा साखरपुडा," मोरोपंत म्हणाले. "मुहूर्त दुपारी चारचा."

"मग दमणी जुंपा. बैल उकळत नाहीत."

"व्याह्यांना मोटारीनं येतो म्हणून कळवलंय. तोंड आवर आणि बघ."

गाडी हाकणाऱ्या मालोजीनं इंजिनावरचं झाकण उचललं. गणोजीनं आत हात घातला आणि झटकन मागं घेतला. पुढच्या जाळीतून वारा आत येत होता, इंजिनाला लागून तापत होता, आणि पुढं त्याला वाट नव्हती. गणोजीनं आयुष्यभर अंघोळीच्या पाण्याचे बंब घडवले होते. धुराड्याशिवाय बंब त्यानं कधी पाहिला नव्हता.

"झाकणाला चिरा पाडतो," तो म्हणाला. "गरम वारा बाहेर जाईल."

मोरोपंतांचा चेहरा उतरला. "अरे, दसऱ्याला तलवारींच्या ओळीत हिची पूजा झाली. झाकणावर कुंकू आहे. भोक पाडलं की ती खंडित झाली. खंडित वस्तू पूजेला चालत नाही."

"तोफेची पूजा करता ना? तिच्या कानाला भोक असतं. त्यातून बत्ती देता. ती खंडित नाही?"

मालोजी खोकल्याचं निमित्त करून वळला. मोरोपंत तणतणत सरदारांकडं गेले आणि हुकूम घेऊन परतले. चिरा पाड. मुहूर्ताला मोटार देवासला पोचली तर ठीक. वाटेत थांबली तर दुकान खाली कर. पूजेतली वस्तूही फोडली आणि कामही झालं नाही, असा माणूस भिंतीलगत नको.

तीन पिढ्यांची भट्टी एका ओळीत टांगणीला लागली. मोठ्या लोकांना तेवढीच ओळ लागते.

गणोजीनं झाकण शिशाच्या लादीवर ठेवलं, छिन्नीनं दोन्ही बाजूंना बारा बारा चिरा पाडल्या आणि प्रत्येकीची एक कड ठोकून पुढच्या बाजूनं उचलली. वारा भरपूर शिरावा, हा हिशेब. दुसऱ्या दिवशी मालोजीनं मोटार घाटाबिल्लोदच्या रस्त्यावर काढली. चार मैलांवर ती पहिल्यापेक्षा जोरात उकळली.

"गणोजी भिया, तू तर सरकारच्या गाडीची किसणी केलीस," मालोजी म्हणाला. "आता खोबरं आण."

घरी त्याच्या बायकोनं, रुक्मिणीनं, त्याचा चेहरा पाहिला आणि त्यानं काढून आणलेलं झाकण हातात घेतलं. "तोंडं पुढं का केली?"

"वारा आत जायला."

"आणि आतला बाहेर कसा येईल? चुलीच्या धुराड्यात वरून वारा घुसला की धूर कुठं जातो? माझ्या डोळ्यांत. इतकी वर्षं माझे डोळे चुरचुरताना बघतोस."

गणोजीनं चोवीस पाती ठोकून सपाट केली आणि उलट बाजूनं उचलली. आता तोंडं मागं होती. दोन पाती चिरली, त्यांना कथलाचा डाग दिला. पुन्हा गाडी फिरवून बघायला दिवस उरला नाही.

साखरपुड्याच्या दिवशी पहाटेच मोटार निघाली. मागं सरदार, ताईसाहेब, मोरोपंत. पुढं मालोजीशेजारी गणोजी, मांडीवर पाण्याची घागर. इंदूरपर्यंत ऊन कोवळं होतं, तिथवर कुणीही पोचला असता. खरं ऊन इंदूरच्या पुढं लागलं. क्षिप्रा ओलांडल्यावर चढ आला. गणोजीनं घागर घट्ट धरली आणि जाळीकडं बघत राहिला.

झाकणाच्या चिरांवर हवा थरथरत होती, भट्टीवर थरथरते तशी. पलीकडची बाभळीची झाडं वाकडी दिसत होती. गरम वारा बाहेर पडत होता. जाळीतून मात्र वाफेचा एक धागा आला नाही.

"बोलते का ती?" गणोजीनं विचारलं.

"गुपचूप चाललीय," मालोजी म्हणाला. "तूही गुपचूप बस."

देवासची टेकडी दिसली तेव्हा बारा वाजले होते. व्याह्यांच्या दारात सनई सुरू झाली. ताईसाहेब उतरताना गणोजीकडं बघून हसल्या. सरदार मान ताठ ठेवून आत गेले, आभार मानायची त्या घराण्यात रीत नव्हती. मोरोपंत मात्र थबकले.

"दुकानाचं ते राहिलं," ते हळू म्हणाले. "तसाच बस तिथं."

गणोजी खाली उतरला. तो तिथंच मोटारीच्या सावलीत बसला, घागर तोंडाला लावली आणि अर्धी रिकामी केली. उरलेली डोक्यावर ओतली. पाणी कानांतून, मिशांतून गळत होतं आणि तो एकटाच हसत होता.

पोचल्याची खबर घेऊन सरदारांचा आदल्या दिवशीच पुढं आलेला एक स्वार धारला परत निघाला होता. गणोजीनं त्याच्या घोड्याचा लगाम धरला.

"तबेल्याजवळ माझं घर आहे. बायकोनं भट्टीचा भाता सुटा करून गाठोड्यात बांधलाय. तिला सांग, जोड परत. आणि म्हणावं, तोंडं मागंच बरोबर होती."