आठवं कार्ड

ब्रदर हॉलिसनं घात केला, आणि तोही चांगुलपणानं! पाद्री माणूस, कुणाबद्दल वाईट लिहायचं तर त्याचा हातच चालत नाही. "लॅनी गुणी पोर आहे. आई दूर असली तरी दर वाढदिवसाला तिचं कार्ड न चुकता येतं," असं कॉलेजला दिलेल्या शिफारसपत्रात लिहून मोकळा झाला.

कॉलेजात शिक्षणाची मदत मंजूर करणाऱ्या प्रुइट बाईंनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं.

"कार्ड येतं म्हणजे संपर्क आहे. मग आईच्या कमाईचे कागद आणा. चोवीस वर्षांची होईपर्यंत पोर आईबापावर अवलंबून, असा नियम आहे."

"अहो, आणू कुठून?" लॅनीची मावशी वर्ना कळवळून म्हणाली. "बाप मेला, आणि सात वर्षांपूर्वी माझी बहीण हिला माझ्या दारात टाकून गेली ती गेलीच. शाळेच्या स्वयंपाकघरात राबून मी वाढवलीय हिला!"

"कोर्टातून पालक झालात का?"

"मावशीला कोर्ट कशाला लागतंय?"

"इथं लागतं. संपर्क अजिबात नसेल तरच आईला वगळता येतं. आज शेवटची तारीख आहे."

लॅनी बुटांचं खोकं मांडीवर घेऊन बसली होती. त्यात सात वर्षांची सात कार्डं, बाईंनीच बघायला मागवलेली.

"राहू दे मावशी," ती म्हणाली. "टायरच्या दुकानात लागेन कामाला. आई आठवण ठेवते, ते नाही कशाला म्हणायचं?"

वर्नानं बोलावं तर पोरीची आई जाते, गप्प बसावं तर कॉलेज जातं. मेला कसला नियम हा! शेवटी तिनं पर्समधून यंदाचं कोरं कार्ड काढलं, टेबलावरचं पेन ओढलं आणि डावीकडे झुकलेल्या गोलगोल अक्षरात लिहिलं, "माझ्या बाहुलीला. लवकरच भेटू. तुझीच, आई."

प्रुइट बाईंनी खोक्यातलं एक कार्ड शेजारी ठेवून पाहिलं. अक्षर तेच होतं.

"शेजारच्या डेलकडे द्यायची मी," वर्ना पुटपुटली. "ट्रक घेऊन नॅशव्हिल शहरात जातो, तिथला शिक्का पडावा म्हणून तिथून पोस्टात टाकायचा. विचारा त्याला."

"सगळी?" लॅनीनं विचारलं.

"सगळी."

"तिनं कधी विचारलं तरी माझ्याबद्दल?"

वर्ना खाली बघत पेनाचं टोपण लावू लागली.

बाईंनी कार्डांच्या झेरॉक्स काढल्या, अर्जातल्या आईच्या रकान्यावर आडवी रेघ मारली आणि हसून म्हणाल्या, "झालं काम! आता तू कुणावर अवलंबून नाहीस. अभिनंदन."

बाहेर गाडीपाशी आल्यावर लॅनीनं ते नवं कार्ड मावशीच्या हातात कोंबलं.

"गुरुवारी वाढदिवस आहे. डेलकडे दे."

"अगं, आता कशाला?"

"दे म्हटलं ना! आणि मी ते उघडताना दरवर्षीसारखी दारात बघत उभी राहू नकोस."