पाच पॉइंट नऊ ग्रॅम

वर्गातल्या घुमीची तापवलेली मूस काट्यावर बसली आणि रसायनशास्त्राच्या बाईंच्या मनात पाल चुकचुकली. आत उरलेल्या भुकटीचं वजन भरलं पाच पॉइंट नऊ. बाकी साऱ्या वर्गाने पाच पॉइंट तीन लिहून दिलं होतं.

आणि तेच यायला हवं. आठ पॉइंट चार ग्रॅम खायचा सोडा म्हणजे मोलाचा दहावा भाग. तापवला की दोन मोलांमागे एक मोल धुण्याचा सोडा मागे राहतो, म्हणजे त्याच्या निम्मा. त्याला एकशे सहाने गुणलं की पाच पॉइंट तीन. उरलेलं वाफ आणि वायू होऊन उडून जातं. बाई हे गणित झोपेतही सोडवत.

"मूस लवकर उतरवलीस ना?"

"नाही बाई. तीनदा तापवली. वजन हलतच नाही."

"म्हणजे सोडाच हट्टी म्हणायचा!"

वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यांदा हसली बाईंची लेक. शाळेत ती आईला 'बाई' म्हणे आणि घरी याच बाईंना हुकूम सोडी. आंतरशालेय स्पर्धेला एकच मुलगी जाणार होती, घुमी नाहीतर लेक, आणि निवड या प्रयोगावर ठरायची होती.

शाळा सुटल्यावर बाई प्रयोगशाळेत थांबल्या. घुमीची लबाडी पुराव्यासकट पकडायची होती. साऱ्या वर्गाने वापरला त्याच डब्यातला सोडा मोजला, बर्नर लावला, मूस निववून तोलली.

पाच पॉइंट नऊ.

पुन्हा तापवली. काटा ढिम्म. डबा जुना होता. कोणीतरी उरलेला धुण्याचा सोडाही त्यातच ओतला असणार. ठीक आहे, पण मग साऱ्या वर्गाचं पाच पॉइंट तीन आलं कुठून? आभाळातून? आणि लेकीचं?

घरी लेक दप्तराचा तुटका पट्टा शिवत बसली होती.

"तुझं वजन किती भरलं गं?"

"वाढलंय. तुझ्या हातचं खाऊन."

"मुशीतलं विचारतेय."

"पाच पॉइंट तीन. तूच तर शाबासकी दिलीस."

"काट्यावर दिसलं का तेवढं?"

"आई, तू पोलिसात का नाही गेलीस?"

"दिसलं का?"

लेकीने सुई पट्ट्यात खुपसून ठेवली. "पाच पॉइंट आठ-नऊ असं काहीतरी दाखवत होता. मला वाटलं, काटा बिघडलाय. गणिताने तीनच येतं ना! सगळ्यांनी तेच लिहिलं."

"कळस आधी बांधलात, पाया मागाहून. मीही आज तापवून बघितलं. घुमीचं बरोबर आहे."

"म्हणजे स्पर्धेला ती?"

"ती. आणि उद्या वर्गासमोर मी तिची माफी मागणार आहे."

"मी तुझी मुलगी आहे!"

"म्हणून तर तुला आधी सांगितलं."

आतल्या खोलीचं दार धाडकन आपटलं. बाई कांदा चिरायला बसल्या. डोळ्यांना निमित्त बरं मिळालं.

बऱ्याच वेळाने दार किलकिलं झालं.

"आई, डब्यात आधीपासूनच धुण्याचा सोडा मिसळलेला असेल, तर तो तापवून कमी होणार नाही ना?"

"नाही होणार."

"मग तो किती होता ते काढता येईल. तो क्ष धरायचा, उरलेल्याचे मोल काढायचे..."

बाईंनी तिरक्या नजरेने पाहिलं. हे खरं कुतूहल, की आईला मऊ करायची मखलाशी? या कार्टीचा काही नेम नव्हता.

"काढ. पण वजन काट्यावरचंच घ्यायचं."

"कळलं गं, फौजदारीणबाई."

भाजीत मीठ घातलं होतं, तरी ते शोधण्याच्या निमित्ताने बाई दोनदा तिच्या पाठीमागून गेल्या. कागदावर सगळ्यात वर लिहिलं होतं, पाच पॉइंट नऊ. खाली बरीच खाडाखोड होती.

बाईंचा निम्मा संशय फिटला. निम्मा त्यांनी राखून ठेवला. लेक त्यांच्या चांगल्या ओळखीची होती.