मोरांच्या रथातला गुरू

जुन्या मित्राच्या, अभयच्या पत्राला प्रबोधनी उत्तर लिहिलं नव्हतं, त्याला नऊ महिने होत आले होते. पत्र पुण्याहून इथं परदेशात, मुलाच्या घरी आलं होतं, अभयच्या बायकोच्या, नीताच्या अक्षरात. 'माझी नजर गेली रे. दिवाणखान्यातल्या चित्राचा आता नुसता करडा डाग दिसतो. फोटो पाठवतोय. त्यात काय दिसतं, तू सांग. नीताला सगळे दाढीवाले सारखेच वाटतात.'

चित्र पाचशे वर्षांपूर्वीचं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. ढगांत मोरांच्या रथावर रोमन देव ज्युपिटर, खाली राजेरजवाडे, आणि तळाशी लॅटिन ओळी. निवृत्त ग्रंथपाल प्रबोध वाचनालयातून पुस्तकं आणत, टिपणं काढत, आणि आपल्याला काय अधिकार म्हणत वही मिटत. तीन वह्या भरल्या. उत्तराचं पत्र कोरंच.

दुपारी सून विनीता फोन घेऊन खोलीत आली. "बाबा, नीताकाकूंचा मेसेज. काका विचारतायत, प्रबोध माझ्यावर रुसलाय का?"

"रुसलो? अगं, मला लॅटिन येत नाही!"

"लॅटिन कुणी मागितलंय?" तिनं टेबलावरचं पत्र वाचलं. "'काय दिसतं' एवढंच तर विचारलंय. तुम्ही थेट पीएचडीलाच बसलात!" मग फोटोवर वाकून म्हणाली, "चाकांवर हे काय? धनुष्यवाला आणि मासे?"

"धनू आणि मीन. गुरूच्या राशी," प्रबोध सहज बोलून गेले आणि थबकले. हे कुठल्याच वहीत नव्हतं. लहानपणापासून पंचांग चाळणाऱ्याला ते ठाऊकच होतं. अभयची रासही मीनच.

विनीता गेली. खिडकीबाहेर मरीन परेडच्या समुद्रावर जहाजं नांगर टाकून उभी होती. त्यांच्यावर ढग साचले होते, आणि बघता बघता चित्रातले मोर त्या ढगांवरून हलकेच पावलं टाकत निघाले. रथ मागून येत होता, आवाज न करता. प्रबोधनी पुस्तकं बाजूला सारली आणि लिहायला घेतलं.

'राजे एकमेकांचे मुकुट न्याहाळतायत. वर कुणीच बघत नाही. देव मात्र रागावलेला नाही. पंगतीत सगळ्यांना वाढून झालं का, हे बघत उभ्या असलेल्या यजमानासारखा दिसतो. पुढच्या चाकावर तुझे दोन मासे आहेत, एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. अभय, मी रुसलो नव्हतो रे. घाबरलो होतो.'

पुन्हा वाचलं तर फाडून टाकू, हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून न वाचताच पाकीट चिकटवलं, चपला घातल्या आणि खाली उतरले. टपालपेटीला दोन फटी होत्या, एक इथल्या पत्रांसाठी, एक परदेशच्या. परदेशच्या फटीत पाकीट सरकवून ते आत पडल्याचा आवाज येईपर्यंत उभे राहिले, आणि मग मान वर करून आभाळाकडे पाहिलं.