कालव्याच्या अलीकडे

सकाळी सव्वानऊला मोटरसायकल गॅरेजच्या दारातच बंद पडली. त्याआधी चार-पाच मिनिटं ती नीट चालली होती.

"काय मेहुणे," लाइनमन म्हणाला, "गाडी दुरुस्त करताय की तिला झोपायची सवय लावताय?"

मिस्त्रीने गाडी ढकलत आत घेतली. लाइनमन त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याला उलट बोलायचं नाही ही घरची रीत होती, आणि या आठवड्यात उलट बोलण्यासारखं मिस्त्रीकडे काही नव्हतंही. गाडी तिसऱ्यांदा परत आली होती.

उंच चाकांची, जाड खाचांच्या टायरची ही गाडी खात्याची होती. विजेच्या तारा डोंगरावरून जातात, तिथे रस्ता नाही. खांब तपासायचे तर दगडधोंड्यांतून अशीच गाडी न्यावी लागते. लाइनमन केस काळे होते तेव्हापासून ही फेरी करत होता. सोमवारी साहेब गाडी आणि माणूस दोन्ही बघायला येणार होते. गाडी डोंगर चढली नाही, तर फेरी दुसऱ्या कुणाकडे जाणार आणि लाइनमन तक्रारींचे फोन घ्यायला ऑफिसात बसणार.

"'हॅलो, लाइट कधी येणार?' 'येईल हो बाई, येईल.' दिवसभर हेच!" लाइनमन म्हणाला. "त्यापेक्षा खांबावर लटकलेलं बरं."

"दुपारपर्यंत बघतो, भाऊजी."

"मंगळवारीपण बघतच होतास."

साहेबांची वेळ विचारून येतो म्हणून लाइनमन ऑफिसकडे निघाला. हल्ली तो खाली बघत चालायचा. मिस्त्रीला वाटलं, काळजीने असेल.

प्लग नवा होता. एअर फिल्टर धुतलेला होता. कार्बोरेटर दोनदा उघडून हवेने साफ केला होता. दोन्ही वेळा टाकी उतरवून ठेवली होती आणि इंजिन चालवून बघायला खिळ्याला पेट्रोलची बाटली टांगून तिची नळी जोडली होती. दोन्ही वेळा इंजिन अर्धा तास न अडखळता चाललं होतं. म्हणून तो निर्धास्त झाला होता. मग टाकी बसवायची, गाडी द्यायची, आणि गाडीने डोंगराच्या वाटेवरच्या कालव्याच्या अलीकडेच मान टाकायची.

आज पुन्हा टाकी उतरवायला पाना लावला आणि त्याचा हात थांबला. बाटलीत असं काय होतं, जे टाकीत नव्हतं? बाटलीचं तोंड उघडं होतं.

त्याने टाकी न उतरवताच गाडी सुरू केली. आवाज खोल जाऊ लागताच टाकीचं झाकण फिरवलं. टाकीने फुस्सकन हवा आत ओढली आणि मरू घातलेलं इंजिन सावरलं. झाकण उघडं ठेवून तो खोक्यावर टेकला. गाडी चालत राहिली.

पेट्रोल खाली जायचं तर वरून हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला एक बारीक नळी असते. तिच्यात माती बसते कधीकधी. त्याने टाचणी घातली. माती आली नाही. पांढरं मेण आलं, बोटाने दाबून दाबून भरलेलं. मेण वाऱ्याने उडून येत नाही.

गाडी रात्री ताईच्या अंगणात उभी असते. त्याने फोन लावला.

"ताई, झाकणात मेण तू भरलंस?"

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"सापडलं का शेवटी? मला वाटलं, पहिल्याच दिवशी सापडेल. एवढा मोठा मिस्त्री तू!"

"तुला कुणी सांगितलं हे असं करायचं?"

"तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येत नाही. हे काय तुझ्याकडून शिकायचं?"

"अगं, चढावर बंद पडली असती म्हणजे?"

"चढापर्यंत जातच नाही. पहिल्या दिवशी कुठे बंद पडते ते बघायला मी त्यांना माहेरच्या वाटेपर्यंत सोडा म्हणाले आणि मागे बसले. कालव्याच्या अलीकडेच थांबली." मग तिचा आवाज उतरला. "गेल्या आठवड्यात पाय शेकायला पाणी दिलं. मी गार पाण्याचं विसण घालायला विसरले. हे उकळत्या पाण्यात पाय घालून पेपर वाचत बसले. सालटी निघाली तरी कळलं नाही. शुगरने पाय गेलेत त्यांचे. ब्रेकवर पाय आहे की नाही, ते वाकून बघावं लागतं."

"मग ऑफिसात सांग ना."

"मी सांगितलं तर जन्मभर बोलणार नाहीत माझ्याशी. माझ्यावर रागावण्यापेक्षा गाडीवर रागावू देत."

"गाडीवर नाही गं रागावत ते. माझ्यावर रागावतात."

"तू भाऊ आहेस माझा," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

दोष माहीत असताना गाडी मिस्त्रीने आजवर कुणाला दिली नव्हती. मग लाइट गेल्यावर लावायची मेणबत्ती त्याने ड्रॉवरमधून काढली, पेटवली, आणि नळीत थेंब सोडून अंगठ्याने दाबला. हात धुताना मेण लवकर निघेना.

लाइनमन बाराला आला.

"सोमवारी दहाला म्हणाले. सापडलं?"

"नाही, भाऊजी."

"तुला नाही सापडलं?"

"मला नाही."

लाइनमनने टोमणा मारला असता तर सोपं गेलं असतं. तो फक्त म्हणाला, "ऑफिसात आत्ताच सांगून आलो, मेहुण्याकडे आहे म्हणजे होणार."

"नाही सापडत कधीकधी." मिस्त्री फडक्याला हात पुसत राहिला. "ऑफिसात बसलात तर काय बिघडतंय?"

"बसलेला माणूस बसतोच. डोंगरावर मी लाइनमन असतो रे. खाली आलो की शुगरचा पेशंट." त्याने हँडल धरलं. "पंपाजवळच्या मिस्त्रीला दाखवतो. तू वाईट वाटून घेऊ नकोस. चहा घेतलास का सकाळपासून?"

स्टँड काढण्याआधी त्याने वाकून, पाय नक्की स्टँडवर टेकलाय का ते पाहिलं. मग गाडी ढकलत तो निघाला. मिस्त्रीने मेणबत्ती परत ड्रॉवरमध्ये टाकली.

पंपाजवळचा मिस्त्री जेवायला घरी जातो आणि तीनला परत येतो. त्याच्या नजरेतून असलं काही सुटत नाही. पावणेतीनला पेट्रोल भरून आलेल्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं, की तिथलं शटर अजून बंद आहे आणि लाइनमन गाडी धरून बाहेर उन्हात थांबलाय. शेजारी सावलीत बाक आहे. तो बसलेला नव्हता.