टोपीवरचं काम

ऑपरेशन थिएटरमध्ये नाव आणि काम लिहिलेल्या कापडी टोप्या आणायच्या, ही कल्पना मोठ्या सिस्टरांचीच. सव्वीस वर्षं त्या थिएटरात होत्या, त्यातली शेवटची आठ प्रमुख म्हणून. टोपी आणि मास्क चढवला की माणसाचे फक्त डोळे उरतात, कोण कोणता ते कळत नाही. एकदा सर्जनसाहेबांनी न बघताच चिमट्यासाठी हात पुढे केला, तो नेमका एक्स-रे काढायला आलेल्या नव्या तंत्रज्ञापुढे. त्या बिचाऱ्याला वाटलं साहेब ओळख करून घेतायत. त्याने हात हातात घेऊन चांगला हलवला, आणि साहेबांना पुन्हा हात धुवायला जावं लागलं. सगळे आठवडाभर हसले, पण सिस्टरांनी त्यानंतर अर्जांचा सपाटा लावला. वर्षभराने टोप्या आल्या. सगळ्या एकाच निळ्या रंगाच्या, कपाळावर पांढऱ्या दोऱ्याने नाव आणि त्याखाली काम. संध्याकाळी लाँड्रीत जायच्या, सकाळी धुऊन कपडे बदलायच्या खोलीतल्या टोपलीत यायच्या.

सिस्टरांनी नियम घालून दिला होता. ज्याची टोपी त्यानेच घालायची.

दुसऱ्याच आठवड्यात मावशींची टोपी लाँड्रीतून आली नाही. मावशी म्हणजे थिएटर पुसणं, पेशंटला टेबलावर घ्यायला हात लावणं ही कामं करणाऱ्या, सिस्टरांहून चारपाच वर्षांनी मोठ्या. त्यांच्या टोपीवर ‘मदतनीस’ असं होतं. ती दिसेना तेव्हा त्यांनी हाताला लागली ती घातली, आणि ती निघाली सहायक सर्जनची. सिस्टरांनी त्यांना कॉरिडॉरमध्ये गाठलं.

“मावशी, काय लिहिलंय वाचलंत का? आज ऑपरेशन तुम्ही करणार वाटतं?”

चारपाच जण हसले. सिस्टरांनी स्वतःच्या हाताने मावशींच्या डोक्यावरची टोपी ओढून काढली. मावशींनी दोन्ही हात विरळ केसांवर धरले.

“चष्मा आत राहिला होता, सिस्टर,” एवढंच त्या म्हणाल्या.

महिन्याभराने सिस्टरांची स्वतःची टोपी टोपलीत नव्हती. आदल्या दिवशी त्या ती डोक्यावर ठेवूनच घरी गेल्या होत्या आणि ती घरीच राहिली होती. आधीच्या कागदी टोप्या त्यांनीच बंद केलेल्या. पहिला पेशंट आत पोचला होता. टोपलीत वरच एक टोपी होती, बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंची. खाली लिहिलेलं: भूलतज्ज्ञ. सिस्टरांनी ते वाचलं आणि टोपी घातली. पाचच मिनिटं, मग बघू दुसरी सोय, असं म्हणाल्या मनाशी. उलटी करून घालता आली असती, तेवढं सुचलं नाही, असं त्यांनी नंतर स्वतःला सांगून पाहिलं. पण सुचलं होतं.

टेबलावर एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. पाय मोडला होता, सळई घालायची होती. भूल कमरेखालची, म्हणजे बाई पूर्ण जाग्या. भूल देणारे डॉक्टर इंजेक्शन देऊन भिंतीकडच्या टेबलाशी पाठ करून कागद भरत होते. सर्जनसाहेब बाहेर हात धूत होते. मावशी बाईंच्या पायांवरची चादर सारखी करत होत्या. सिस्टर डोक्याशी गेल्या तशी बाईंनी त्यांच्या कपाळाकडे पाहिलं. शाळेत फळा वाचावा तसं सावकाश वाचलं.

“म्हणजे भूल देणाऱ्या डॉक्टर तुम्ही पण. दोघं आहात होय?”

तिथेच ‘नाही हो, मी सिस्टर’ म्हणता आलं असतं. सिस्टर म्हणाल्या, “हं.”

“बरं झालं. बाईमाणूस जवळ असलं की धीर येतो. आमच्या शाळेतली एक मुलगी झाली बघा तुमच्यासारखी डॉक्टर. किती वर्षं शिकलात?”

“बरीच,” सिस्टर म्हणाल्या. त्यांना गोड वाटलं. बारावीनंतर त्यांच्या वडिलांनी डॉक्टरकीचा विषय दोन वाक्यांत मिटवला होता. त्याचं दुःख कधीच जिरलं, असं त्यांनी धरलं होतं. बाई विचारत गेल्या, त्या उत्तरं देत गेल्या. पाय कधी जागा होईल, पाणी कधी मिळेल. उत्तरं बरोबर होती, फक्त आवाज त्यांच्या नेहमीच्या आवाजापेक्षा जरा वरचा होता.

मग बाई म्हणाल्या, “डॉक्टरबाई, बोटांना मुंग्या येतायत. हातांच्या.”

सिस्टरांना कळलं. भूल हवी त्यापेक्षा वर चढतेय, हे हातांच्या मुंग्या सांगतात. अशा वेळी मागे वळायचं आणि म्हणायचं, डॉक्टर, जरा बघता का. सव्वीस वर्षांत त्यांनी ते कितीदा तरी म्हटलं होतं. पण आता तसं म्हणायचं म्हणजे बाईंसमोर कबूल करायचं की आपण डॉक्टर नाही.

“होतं असं थोडं,” त्या म्हणाल्या. “लांब श्वास घ्या.”

बाईंनी श्वास घ्यायचा प्रयत्न केला. “छातीवर कुणी बसल्यासारखं...” आवाज बारीक झाला. सिस्टरांनी त्यांचा हात हातात घेतला. हात गार होता. आता सांगते, आता सांगते, असं त्या मनात म्हणत राहिल्या.

“डॉक्टर,” पायाशी उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या, “बाईंचा आवाज गेला बघा.”

डॉक्टर गर्रकन वळले. बाईंचे ओठ पांढरे पडले होते. रक्तदाब निम्म्यावर आला होता. पुढची दहा मिनिटं कुणी वायफळ बोललं नाही. ऑक्सिजन, सलाइन, एक इंजेक्शन, पुन्हा एक. सिस्टरांचे हात सवयीने चालत होते, काही चुकलं नाही. रक्तदाब वर आला, बाईंच्या ओठांवर रंग आला. तासाभराने पायात सळई बसली. डॉक्टरांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाले, “मावशी, कान शाबूत आहेत तुमचे.”

मावशींनी सिस्टरांच्या टोपीकडे एकदा पाहिलं आणि बादली उचलली. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ‘हं’ सुद्धा ऐकला होता. दिवसभर त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्यांनी काही तरी बोलावं म्हणून सिस्टर दिवसभर उगाच त्यांच्या आसपास घुटमळत राहिल्या.

घरी नवऱ्याने विचारलं, “चेहरा का असा?” डोकं दुखतंय, म्हणाल्या. आरशासमोर जायचं त्यांनी टाळलं.

सकाळी ड्यूटीआधी त्या वॉर्डात गेल्या. मुख्याध्यापिका उशीला टेकून चहा पीत होत्या. सिस्टरांना पाहून त्यांनी हात पुढे केला.

“या डॉक्टरबाई. मी सुनेला सांगत होते, तुम्ही हात धरला होता म्हणून निभावलं.”

“मी डॉक्टर नाही,” सिस्टर उभ्यानेच म्हणाल्या. “सिस्टर आहे. टोपी दुसऱ्यांची होती. तुम्ही विचारलंत तेव्हा मी हो म्हटलं.”

बाईंनी कप खाली ठेवला. “मग मुंग्यांचं सांगितलं तेव्हा तुम्हाला कळलं नसणार.”

ही पळवाट बाईंनी आपणहून उघडून दिली होती.

“कळलं होतं. डॉक्टर दोन पावलांवर होते. त्यांना हाक मारली असती तर माझं खोटं उघडं पडलं असतं, म्हणून नाही मारली.”

बाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. शाळेत मुलांकडे असंच बघायची त्यांची जुनी सवय असावी. “मला वाटलं मी मरतेय,” त्या म्हणाल्या. “आणि मनात म्हटलं, डॉक्टर शेजारीच आहे, घाबरायचं काय.” मग त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. “सांगितलंत ते बरं केलंत. आता जा तुम्ही.”

क्षमा मिळाली की नाही, सिस्टरांना कळलं नाही. विचारायची सोय नव्हती.

थिएटरच्या कॉरिडॉरमध्ये सगळे जमायची वेळ होती. सिस्टर मावशींपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “मावशी, त्या दिवशी मी तुमच्या डोक्यावर हात घातला. तो मला अधिकार नव्हता. आणि काल मी स्वतःच दुसऱ्याची टोपी घातली, जाणूनबुजून. वर तुमच्यामुळे पेशंट वाचला.”

कुणी हसलं नाही. मावशींना ओशाळल्यासारखं झालं, त्या फडक्याला पीळ देत राहिल्या.

“त्या दिवशी घरी जाऊन रडले मी,” त्या म्हणाल्या. “सून म्हणाली, सोडा ते काम. म्हटलं, टोपीपायी कुठे काम सोडायचं.” मग जरा थांबून म्हणाल्या, “काल मी बोलले ते तुमच्यावर डूख धरून नाही हां, सिस्टर. बाई पांढऱ्या पडल्या होत्या.”

“माहीत आहे.”

“मग झालं,” मावशी म्हणाल्या आणि फरशीकडे वळल्या. ‘जाऊ द्या’ असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत.

दुपारी सिस्टरांनी झाला प्रकार कागदावर लिहिला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे नेला. त्यांनी उभ्या उभ्या वाचला, मग खुर्ची ओढून बसून पुन्हा वाचला. सिस्टरांबरोबर त्यांनी बारा वर्षं काम केलं होतं.

“हे वर गेलं तर प्रमुखपद राहील असं वाटत नाही,” ते म्हणाले.

“नाही राहणार.”

“इथे लिहिलंय, बाईंनी मुंग्यांचं सांगितल्यावर सुमारे अर्धं मिनिट गेलं.” त्यांनी बोट ठेवलं. “एवढंच?”

सिस्टरांनी त्या ओळीकडे पाहिलं. ती लिहिताना पेन थांबलं होतं हे त्यांना आठवलं. इतकं सगळं कबूल करून झाल्यावरही त्यांनी तेवढं वाचवून ठेवलं होतं. त्यांनी डॉक्टरांच्या खिशातलं पेन मागून घेतलं, ‘अर्धं’ खोडलं आणि वर लिहिलं: दोन, कदाचित जास्त. शेजारी सही केली आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.